‘व्हर्च्युअल ॲनालॉग’ला ‘आभासी’ म्हणावे का?

प्रश्न

सिंथेसायझरवरच्या (विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावरच्या) एका लेखाचे भाषांतर करते आहे. ‘व्हर्च्युअल ॲनालॉग सिंथेसायझर’ला ‘आभासी अनुरूप संश्लेषक’ असे लिहिले, पण दुसऱ्या दिवशी वाचल्यावर मलाच अर्थ लागेना. वाद्य आभासी आहे, की आवाज? हे नाव मुळात कशावरून पडले?

प्रतिसाद

स्टॉकहोमच्या क्लाविया कंपनीने 1995 मध्ये नॉर्ड लीड नावाचे लालभडक वाद्य आणले, तेव्हापासून हे नाव रुळले. जुन्या सिंथेसायझरमध्ये जे काम ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर करत, ते इथे चिपमधली आकडेमोड करत होती. वर मात्र जुन्यासारखेच नॉब होते, फिरवला की आवाज लगेच बदलणारे. पुढच्या दोन वर्षांत रोलंडने जेपी-8000 वर ‘ॲनालॉग मॉडेलिंग’ असे छापले, तर यामाहाने एएन1एक्सवर ‘ॲनालॉग फिजिकल मॉडेलिंग’. गोष्ट एकच, नावे तीन.

आता ‘ॲनालॉग’. 1970 मध्ये मिनीमूग आला तेव्हा गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो नुसता सिंथेसायझर होता. 1983 मध्ये आकडेमोडीवर आवाज घडवणारा यामाहाचा डिजिटल डीएक्स7 आला, घरोघरच्या स्टुडिओत पोचला, आणि मग जुन्यांना वेगळे ओळखण्यासाठी विशेषणाची खरी गरज पडली. मोबाइल आल्यावर घरातला फोन ‘लँडलाइन’ झाला, तसेच. विशेषणाचा अर्थ मात्र नेमका आहे: सर्किटमधला विद्युतदाब आवाजाच्या लहरीसारखाच वर-खाली होतो. ‘सारखेपणा’ हा त्या शब्दाचा गाभा. म्हणजे नॉर्ड लीडमध्ये आकडे विद्युतदाबाचे रूप घेतात आणि विद्युतदाब लहरीचे. सारख्याचे सारखे!

‘आभासी’ मला इथे अजिबात पटत नाही. शाळेत शिकलो ती आरशातली आभासी प्रतिमा पडद्यावर पकडता येत नाही. गाण्यातही तिरोभाव, म्हणजे मूळ राग क्षणभर झाकणे, करताना दुसऱ्या रागाचा आभास होतो, तेव्हा तो राग तिथे नसतो. नॉर्ड लीडचा आवाज तर स्पीकरमधून खराखुरा येतो, ध्वनिमुद्रित होतो. तिथे नसते ते फक्त सर्किट. ‘व्हर्च्युअल’चा इथला अर्थ ‘परिणामापुरता तोच’ असा आहे. म्हणून मी ‘ॲनालॉग-प्रतिरूप सिंथेसायझर’ म्हणेन. ‘संश्लेषक’ सोडून द्या, वाजवणारा माणूस तो शब्द कधीच उच्चारत नाही.

प्रतिसाद

‘आभासी चलन’, ‘आभासी वर्ग’ लोकांना कळतात. एका इंग्रजी शब्दाला मराठीत एकच शब्द असलेला बरा. शिवाय ‘प्रतिरूप’ आणि ‘नक्कल’ यांत फरक तो काय? आमच्या ऑर्केस्ट्रात तर कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात.

प्रतिसाद

‘कॅसिओ’ मलाही प्रिय आहे, पण भाषांतरात चालणार नाही. फरक विचारलात ते बरे केलेत. एखाद्या वाद्याचा सूर ध्वनिमुद्रित करून कळीखाली ठेवला, तर तो नमुना, म्हणजे सॅम्पल. प्रतिरूपात आधी मुद्रित केलेले काहीच नसते, आवाज दर क्षणी नव्याने मोजला जातो.

आणि ते सोपे नव्हते. करवतीच्या दात्यांसारखी लहर घ्या. तिच्यात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर वरवर चढत जातात, आणि फिल्टर त्यांतले नको ते कापतो. सर्किटमध्ये वर कितीही चढले तरी बिघडत नाही. पण सेकंदाला 44,100 आकडे मोजणाऱ्या यंत्राला त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 22,050 हर्ट्झच्या वरचे काही मांडताच येत नाही. तिथे 25,000 हर्ट्झचा सूर गेला तर तो उलटून 44,100 वजा 25,000, म्हणजे 19,100 वर येतो. वरच्या पट्टीत असे कितीतरी सूर उलटतात, काही पार खाली येतात आणि बेसूर ऐकू येतात. दाते थोडे गोलसर करून हे टाळण्याच्या रीती शोधाव्या लागल्या. एवढ्या मेहनतीला ‘नक्कल’ म्हणायला माझे मन धजत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

‘प्रतिरूप’ घेते. शेवटचे एक: रोलंड टीबी-303 या बेस वाजवणाऱ्या सिंथेसायझरवरच्या ‘स्लाइड’ला ‘घसरण’ लिहिले आहे. चालेल?

प्रतिसाद

नको, ‘मींड’ लिहा! एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे, याला आपल्याकडे शब्द तयार आहे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये याच 303 वर राग वाजवले, तेव्हा ते यंत्र जेमतेम बाजारात आले होते. रोलंडने 1984 मध्ये ते बंद केले, पुढे स्टॉकहोमच्याच प्रॉपेलरहेडने ‘रीबर्थ’ या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे प्रतिरूप केले. त्यातही मींड आहे.