शब्दचर्चा: कॅलेंडर ‘अपडेट’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मलप्रभा:
सीमाभागात एकाच घरातली माणसं तीन-चार गावांत विखुरलेली असतात. एक भाऊ बेळगावात, एक खानापुरात, बहीण चंदगडला दिलेली. शाळांच्या सुट्ट्या, शेतातली पाळी, लग्नकार्य, दवाखान्याच्या तारखा घरच्या कॉम्प्युटरवर एका कॅलेंडरात भरायच्या आणि बाकीच्यांनी मोबाईलवर बघायच्या, अशी पद्धत बऱ्याच घरांत रुळली आहे. अशा घरांसाठी कॉम्प्युटरशेजारी चिकटवायचा एक सूचनांचा कागद मराठीत करतो आहोत. घोडं अडलंय ‘अपडेट’पाशी. ‘अद्ययावत करा’ लिहावं, ‘अद्यतन’ लिहावं, की आहे तोच शब्द ठेवावा? आणि ‘शेअर’चं काय?

रोजमेळ:
‘अद्यतन’ आधी काढा. संस्कृतात ते ‘आजचं’ अशा अर्थाचं विशेषण आहे. ‘अद्ययावत’ही विशेषणच, आजपर्यंत आणलेलं. दोन्ही शब्द काम झाल्यावरची अवस्था सांगतात, करायचं काय ते सांगत नाहीत. पण खरा घोळ ‘अपडेट’चाच आहे, कारण त्या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळी कामं येतात.

नोंदीची वेळ किंवा जागा बदलली, तर ते ‘नोंद बदलणे’. बदललेली नोंद सर्व्हरवर, म्हणजे कॅलेंडर साठवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवर, चढली आणि तिथली नवी नोंद खाली आली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या, तर तो ‘मेळ’. बाहेरच्या वेब पत्त्यावरचं कॅलेंडर फक्त वाचायला जोडलं असेल आणि त्यातलं नवं आपल्याकडे आलं, तर ते ‘ओढणे’. आणि कॅलेंडरच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवणं हे चौथं. त्याचा तारखांशी काही संबंध नाही. ‘अपडेट होईना’ अशी तक्रार आली की पुष्कळजण हे चौथं काम करून मोकळे होतात आणि तारीख जिथल्या तिथे राहते.

‘मेळ’ मुद्दाम सुचवतो. पेठेतल्या दुकानात रोजमेळ शब्द अजून चालतो आणि मेळ बसला नाही म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. ‘सिंक’साठी पुस्तकी ‘समक्रमण’ लिहाल तर कागद भिंतीवरच राहील.

खडेबाजार:
‘मेळ’ छान आहे, पण बोलताना ‘सिंक होईना झालंय की ओ’ असंच ऐकू येणार. कागदावर पहिल्यांदा ‘मेळ, म्हणजे सिंक’ एवढं लिहा, पुढे नुसता ‘मेळ’.

‘ओढणे’ आणि ‘मेळ’ यांतला फरक मात्र ठळक पाहिजे, बहुतेक तक्रारी तिथेच असतात. गुगल कॅलेंडरमध्ये बाहेरचं कॅलेंडर पत्ता देऊन जोडलं, की मूळ ठिकाणी झालेला बदल आपल्याकडे दिसायला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असं गुगलच सांगतं. कधी त्याहून जास्तही लागतो. ‘आत्ता ओढा’ असं बटणच तिथे नाही. पान दहा वेळा ताजं केलं तरी गुगलने साठवलेलीच प्रत पुन्हा दिसते. उद्या सकाळची परीक्षा आज रात्री पुढे गेली, तर या मार्गाने कळेल म्हणून बसू नये.

थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या ईमेल-कॅलेंडर प्रोग्राममध्ये ते आपल्या हातात असतं. कॅलेंडरच्या नावावर उजवी टिचकी मारून गुणधर्म उघडले की किती मिनिटांनी ओढायचं ते ठरवता येतं. मुळात ३० मिनिटं असतं, ते ५ किंवा १५ करता येतं. ‘फक्त स्वतः सांगितल्यावर’ असाही पर्याय त्याच यादीत आहे. चुकून तो निवडला गेला असेल तर कॅलेंडर बंद पडल्यासारखं वाटतं. बिघाड काहीच नसतो.

सीमाभाषा:
तिसरा शब्द सुटला: आयात. आयसीएस फाईल, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदींची फाईल, उतरवून घेऊन आयात केली, तर ती त्या घटकेची नक्कल असते. मूळ कॅलेंडरशी तिचं नातं तिथेच तुटतं. शाळेने पाठवलेली सुट्ट्यांची फाईल आयात करायची आणि पुढे शाळेने केलेला बदल आपोआप येईल म्हणून थांबायचं, हे होणार नाही. कागदावर ‘आयात’ न लिहिता सरळ ‘नक्कल उतरवणे’ लिहा. उताऱ्याची नक्कल काढली की पुढचे फेरफार त्या कागदावर उमटत नाहीत, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे.

पत्त्याने जोडण्याला कन्नड पडद्यावर ‘चंदादार’ हा शब्द दिसतो, मराठीत ‘सदस्यत्व’. ‘चंदादार’ म्हणजे आपला वर्गणीदार. मराठी ‘सदस्यत्वा’पेक्षा तो अर्थाला जवळचा आहे, कारण वर्गणीदाराला अंक घरी येतो, अंकात लिहिता येत नाही. सदस्याला वाटतं आपल्यालाही बोलता येईल.

मलप्रभा:
‘वर्गणी लावणे’ लिहिलं तर गणपतीची वर्गणी समजतील हो.

सीमाभाषा:
खरं आहे. मग ‘वाचण्यापुरतं जोडणे’. लांब आहे, पण फसवत नाही.

रोजमेळ:
आता ‘शेअर’. ‘वाटणे’ अजिबात नको. ‘कॅलेंडर वाटलं’ म्हटलं की वाटणी आठवते, आणि वाटणी झाली म्हणजे वस्तू तुकड्यांत गेली. इथे नेमकं उलट आहे: वस्तू एकच, हात अनेक. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, सामाईक. सामाईक विहीर, सामाईक बांध, तसं सामाईक कॅलेंडर. कन्नडमधलं ‘हंचिकोळ्ळी’ हंचणे म्हणजे वाटण्यावरूनच आलंय, पण तिथलं ‘कोळ्ळी’ आपसात घेण्याचा अर्थ आणतं. मराठी ‘वाटा’मध्ये तो येत नाही.

पण सामाईक म्हटल्यावर हक्क लिहून दिलेले बरे. गुगलमध्ये ते चार पायऱ्यांचे आहेत: फक्त वेळ मोकळी आहे की नाही ते दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, नोंदी बदलणं आणि शिवाय आणखी कुणाला आत घ्यायचं ते ठरवणं. घरात चौथी पायरी दोघांनाच द्या, एक मालक धरून. बाकी कर्त्या माणसांना तिसरी, मुलांना दुसरी. हे काम कॉम्प्युटरवरच होतं, मोबाईलच्या ॲपमध्ये ती सोय नाही. डावीकडच्या यादीत कॅलेंडरच्या नावावर बाण नेला की तीन ठिपके दिसतात, त्यातून सेटिंग, तिथे माणसाचा ईमेल घालायचा, पायरी निवडायची, पाठवायचं. समोरच्याने ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारेपर्यंत कॅलेंडर त्याच्या यादीत येत नाही. ‘मला दिसत नाही’ या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच असतं.

गुप्त पत्ता, म्हणजे गुगल कॅलेंडर वाचायला देणारा खासगी वेब पत्ता, हा प्रकार वेगळा. तो ज्याच्या हाती लागला त्याला सगळा तपशील वाचता येतो, नाव-गाव विचारलं जात नाही. तो घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. टाकला गेलाच तर सेटिंगमध्ये जाऊन पत्ता नवा करून घ्या, जुना निकामी होतो.

खडेबाजार:
नोंदीच्या भाषेवर दोन शब्द. ‘बैठक एक तास पुढे घेतली’ असं कुणी लिहू नये. निम्म्यांना दहाची अकरा वाटते, निम्म्यांना दहाची नऊ. ‘पुढे ढकलली’ किंवा ‘अलीकडे आणली’ लिहा, आणि शेजारी नवी वेळ. ‘परवा’ तर नोंदीत नकोच. मराठीत तो मागेही जातो आणि पुढेही. कन्नडमध्ये मागच्याला ‘मोन्ने’, पुढच्याला ‘नाडिद्दु’ असे दोन शब्द आहेत, म्हणून कन्नडमध्ये विचार करणारा माणूस आपला ‘परवा’ वाचून हमखास अडतो.

सीमाभाषा:
‘दरवर्षी’ हाही फसवा शब्द. वाढदिवसाला ‘दरवर्षी’ची पुनरावृत्ती चालते, सणाला नाही. गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. कॅलेंडरच्या पुनरावृत्तीला इंग्रजी तारीख कळते, तिथी कळत नाही. सण दरसाल पंचांग बघून हाताने भरा. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांचंही एकच कॅलेंडर करू नका. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रातल्यांना दिवाळीत. घरातली मुलं दोन्हीकडे शिकत असतील तर दोन कॅलेंडरं, दोन रंग.

पूर्ण दिवसाच्या नोंदीतही एक खाच आहे. आयसीएस फाईल हाताने केली तर शेवटची तारीख ‘त्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत’ अशी धरली जाते. १४ आणि १५ अशी दोन दिवसांची जत्रा असेल तर शेवट १६ लिहावा लागतो, नाहीतर जत्रा एका दिवसात आटोपते. गुगलच्या पडद्यावर भरताना मात्र १५च लिहायचं.

मलप्रभा:
सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी सरकल्या तर त्याला काय म्हणावं?

रोजमेळ:
शब्द हवा तर ‘वेळपट्टा चुकला’ म्हणा. साडेपाच तास हा आकडाच कारण सांगतो: जागतिक वेळ आणि आपली वेळ यांतलं अंतर. फाईलमध्ये वेळेच्या शेवटी झेड असेल तर ती जागतिक वेळ असते, तिथे सकाळचे दहा म्हणजे ०४३०. कुणीतरी १००० लिहून पुढे झेड ठेवला की नोंद दुपारी साडेतीनला जाऊन बसते. फाईल ठीक असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हाच पट्टा निवडलेला आहे ना ते बघा, आणि गुगल कॅलेंडरच्या आतलाही. ते दोन वेगळे आहेत.

आणि जुन्या कॉम्प्युटरवर मेळच बंद पडला असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. लाईट गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि कॅलेंडर सर्व्हरशी बोलतच नाही. पासवर्ड बदलून उपयोग नाही. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून सेल बदला, मग तारीख लावा.

खडेबाजार:
शेवटचा शब्द ‘रद्द’. कार्यक्रम रद्द झाला म्हणून माणूस नोंद उघडतो, पुसायला जातो, आणि समोर आलेल्या चौकटीत ‘रद्द करा’वर टिचकी मारतो. त्या बटणाचा अर्थ ‘राहू दे, मागे फिर’ असा आहे. चौकट मिटते, नोंद तशीच राहते, आणि चारजण बंद हॉलच्या दारात उभे. कागदावर लिहा: कार्यक्रम मोडला तर ‘हटवा’ दाबा, ‘रद्द करा’ नव्हे. पुन्हा पुन्हा येणारी नोंद असेल तर तीन पर्याय विचारले जातात: फक्त ही, ही आणि यापुढच्या, सगळ्या. ‘सगळ्या’ म्हटलं की मागच्याही जातात. सामाईक कॅलेंडरात त्या सगळ्यांच्याच जातात.

मलप्रभा:
गेलेल्या परत आणता येतात का?

खडेबाजार:
गुगल कॅलेंडरच्या कचरापेटीत साधारण ३० दिवस राहतात. कॉम्प्युटरवरच्या सेटिंगच्या चक्रातून ‘ट्रॅश’ उघडा. प्रत्येक कॅलेंडरची पेटी निराळी असते, त्यामुळे आधी डावीकडे बरोबर कॅलेंडर निवडा. बदलण्याचा हक्क असलेल्यालाच ती उघडता येते, दुसऱ्या पायरीवरच्या मुलांना नाही.