अनुभव धागा : सेवाकार्यातला तुमचा वाटा (वय कितीही असो)

सांजवात: काल चर्चमध्ये उपासनेनंतर मिशनच्या कामाचा विषय निघाला, तर एक आजी म्हणाल्या, "माझ्याच्यानं आता काही होत नाही, तरुणांनी बघावं." तेव्हापासून आमच्या आईची वही डोळ्यांपुढून हलत नाहीये. गुडघे गेले, घराबाहेर पडणं थांबलं, पण वहीत पानागणिक एक मिशनरी कुटुंब. मुलांची नावं, त्यांच्या परीक्षा, कोणाचा ताप. प्रार्थनेचं उत्तर आलं की तांबड्या पेनाने तारीख. तुम्ही काय करता, काय केलंत? लिहा ना.

चिमणपाखरं: बाळ झोपलंय तोवर लिहिते. बायबलमधल्या तीमथ्याची लोईस आजी नि युनीके आई कुठे गेल्या नाहीत, तीमथ्य गेला पौलाबरोबर सेवेला. पौलाचं पत्र, २ तीमथ्य १:५. सध्या मी याच वचनावर तग धरून आहे. उठला वाटतं, नंतर येते.

जमाखर्च: निवृत्त आहे. एका मिशन दवाखान्याची खाती घरी बसून लिहितो. तिथल्या डॉक्टर दिवसभर पेशंट बघून रात्री पावत्या जुळवत बसायच्या, आता तेवढा वेळ झोपतात. पौलानेसुद्धा मंडळ्यांची वर्गणी पोचवायला सोबत माणसं दिली होती, बायबलमध्ये २ करिंथ ८ वाचा. चोख हिशेब हीही साक्षच.

सांजवात: दादा, हे फार आवडलं.

रानवाट: आम्ही बरीच वर्षं मिशनवर होतो. अहवाल मागणारे पुष्कळ. एकदा संडे स्कूलच्या एका मुलीचं पत्र आलं, "तुमच्या मांजरीचं नाव काय?" आमची लेक ते पत्र उशाशी घेऊन झोपायची. आणखी एक, रजेवर आलेल्या मिशनरी कुटुंबाला दर रविवारी चर्चमध्ये बोलायला उभं करू नका. आधी निवांत राहायला जागा द्या.

पिंपळपान: मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये भारतात आले, १८११ मध्ये मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) छापून निघाला, एवढं आपण सांगतो. त्यांची बहीण पॉली अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली होती आणि तिथूनच भावासाठी प्रार्थना करत राहिली. तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? पंडिता रमाबाईंनी तर बायबलच्या भाषांतराचं काम १९२२ मध्ये, अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत केलं. त्या आजींना हे सांगा ताई.

चिमणपाखरं: आले परत. सांजवात, आई आहेत ना?

सांजवात: नाही गं. वही माझ्याकडे आहे. त्यातली काही मुलं आता स्वतः सेवेत आहेत, त्यांची पानं मी पुढे चालवते.

चिमणपाखरं: डोळे भरून आले. एखादं कुटुंब मलाही द्या ना. बाळाला पाजताना प्रार्थना करीन.

सांजवात: व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.

नवाकोरा: कॉलेजात आहे. सुट्टीत मिशनवर जायचंय म्हटल्यावर तिथले पाळक म्हणाले, "आधी भाषा शीक, मग ये." शिकतोय. @रानवाट, संडे स्कूलही घेतो. मुलं पत्रात दोन ओळींत आटपतात, काय करू?

रानवाट: आधी चित्र काढू दे, मग त्याबद्दल लिहायला सांग. पाठवण्याआधी मिशनच्या ऑफिसला विचार मात्र. काही ठिकाणी पाकिटावर 'मिशनरी' लिहिलेलं त्यांच्या जिवावर बेततं.