मदत हवी आहे: एसएसडी घेतोय, जुन्या हार्ड डिस्कसोबत कशी जमवू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरला रामबागेत राहतो. कॉम्प्युटर सहा वर्षांचा, आत १ टीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. विंडोज, गेम्स, सगळं तिच्यावरच. गेम सुरू करून खाली पोहे-जिलबी खाऊन परत आलो तरी पडद्यावर लोडिंगच!

आता ५०० जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) घ्यायचं ठरलंय. हार्ड डिस्क काढणार नाही, तिच्यात ताईच्या लग्नाचे फोटो आणि बाबांची नाट्यगीतं आहेत. तिला हात लावला तर घरात महाभारत होईल. एसएसडीने एफपीएस (गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढतात असं दुकानदार ठासून सांगत होता, तिथेच माझा विश्वास उडाला. ते काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचं ना? मला फक्त लोडिंग कमी व्हायला हवंय.

खरी अडचण वेगळीच आहे. मदरबोर्डच्या माहितीपुस्तकात लिहिलंय की एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डवरच एसएसडी बसवायची खाच) साटा प्रकारची, म्हणजे हार्ड डिस्कसारख्याच जुन्या जोडणीची, एसएसडी लावली तर एक साटा पोर्ट बंद पडतो. नेमकी त्याच पोर्टवर माझी हार्ड डिस्क आहे. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की भागेल, की सरळ एनव्हीएमई (त्याच स्लॉटमध्ये बसणारी, साटापेक्षा वेगवान एसएसडी) घेऊ? बोर्ड दोन्ही घेतो.

आणि विंडोज नव्याने टाकू की क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करू? ३८० जीबी भरलेत, म्हणजे मावेल, पण जुना कचराही सोबत येईल. स्टीमचे (गेम्स विकत घेऊन चालवायचा लाँचर) गेम्स पुन्हा डाउनलोड न करता दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात, ते करून पाहिलंय. बाकीच्या लाँचरचं कसं करता? कोणी केलं असेल तर सांगा, रविवारी पेचकस घेऊन बसणार आहे.