माळवद आणि सोलापूरचं ऊन
'माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) प्रेम म्हणजे नुसत्या आठवणी, राहायला स्लॅबच बरा' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आग ओकतो. मंगळवेढ्याकडच्या आमच्या जुन्या घरात दोन हात रुंद भिंती, वर तुळया, किलचन (तुळयांवर आडव्या अंथरलेल्या लाकडी पट्ट्या) आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. भर दुपारी सोप्यात (ओसरीवजा पुढच्या खोलीत) घोंगडं टाकलं की डोळा लागायचा. साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पडलेला कवडसा सरकत उतरंडीपाशी गेला की आजी चहाचं आधण ठेवायची. पाऊस बेताचा, म्हणूनच मातीचं सपाट छत इथे टिकतं. मृगाआधी तेवढी माती टाकून धुम्मस करावी, म्हणजे ती ठोकून घट्ट बसवावी लागते. ते काम जाणणारी माणसं आमच्या गावात आता दोनच उरलीत.