लंडन सिस्टीम आणि गेलेला हत्ती : लहान मुलांना ओपनिंग शिकवावं का?

अडीच घरं (नौपाडा, ठाणे)
रविवारी मुलीची बुद्धिबळाची स्पर्धा होती. वय नऊ. सहा महिने क्लासला जाते आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी फक्त लंडन खेळते, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांचं (ओपनिंगचं) एकच साचेबंद रूप. डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३ (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलं तर ती प्याद्याची खेळी). समोरचा काय करतोय ते बघायचंच नाही. तिसऱ्या फेरीतल्या पोराने डी५, सी५ करून तिसऱ्याच खेळीला वजीर बी६ वर आणला. बी२ च्या प्याद्यावर डोळा. हिने घोडा एफ३ केला. त्याने प्यादं खाल्लं, वजीर थेट ए१ च्या हत्तीला भिडला. आणि हिने सी३ केलं! का? "पुढची खेळी सी३ असते ना, बाबा." हत्ती गेला.

माझं मत : ऑनलाइन रेटिंग हजार होईपर्यंत ओपनिंग शिकवूच नये. दोन खेळ्यांत मात, फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला), राजा-प्याद्याचे शेवट, एवढंच करून घ्यावं.

किल्लेकोट (पाचपाखाडी)
मी स्वतः शिकवतो, त्यामुळे जरा लागलं. दादा, हे ओपनिंग जास्त शिकल्यामुळे झालं नाही, अर्धवट शिकल्यामुळे झालं. वजीर बी६ वर आला की घोडा सी३! बी२ खाऊ दे. घोडा डी५ चं प्यादं खातो आणि पुढे सी७ वर जायची धमकी, मागे एफ४ चा उंट आहेच. शह आणि हत्ती एकदम. ही एक खेळी कारणासकट सांगितली असती तर रडायची वेळ त्या पोरावर आली असती.

घणसोली लोकल
मी चाळिशीत सुरुवात केली. ठाणे ते वाशी अर्ध्या तासात एक डाव बसतो, कधी उभ्याने. सिसिलियन ओपनिंगच्या फांद्या पाठ करायला वेळ कुणाला आहे? लंडन खेळतो, बाराव्या खेळीपर्यंत जिवंत असतो. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चीनच्या डिंग लिरेनने सहाव्या डावात नेपोम्नियाचीला लंडन खेळूनच हरवलं. म्हणजे हे काही आळशांचंच हत्यार नाही.

अडीच घरं
डिंगचंच उदाहरण घ्या. २०२४ ला सिंगापूरला गुकेशविरुद्ध शेवटच्या, चौदाव्या डावात तो कुठे हरला? ओपनिंगमध्ये नाही, डावाच्या शेवटी, पंचावन्नाव्या खेळीला, हत्ती एफ२ वर नेऊन. मुलांना कुठे वेळ घालायला लावायचा ते यावरून ठरवा.

जुनं प्यादं
आमच्या आजोबांच्या पटावर प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. मीर सुलतान खान त्याच देशी नियमांत वाढला. १९२९ ला इंग्लंडमध्ये गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, पुढे १९३२ आणि १९३३ ला पुन्हा. ओपनिंगची विद्या त्याच्याकडे जवळजवळ नव्हतीच. डावाच्या मध्यात आणि शेवटी तो समोरच्याला पिळून काढायचा.

काळा उंट (नेरूळ)
काका, सुलतान खान एकच झाला. बाकीचे आपण दहाव्या खेळीलाच आटोपतो. मी अकरावीत आहे, स्वानुभव सांगते. मोठे खेळतात म्हणून काळ्या मोहऱ्यांसाठी नायडॉर्फ (सिसिलियनचीच एक फांदी) घेतलं. वर्षभर मार खाल्ला, कारण पाचवी खेळी ए६ का, हेच ठाऊक नव्हतं. मग फ्रेंच. त्यात ई६ मुळे सी८ चा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडतो, मला ते सहन होईना (नाव उगाच नाही घेतलं). शेवटी कारो-कान. सी६, डी५, उंट बाहेर, मगच ई६. ओपनिंग स्वभावाला जुळायला लागतं आणि ते कळायला आधी दोन-तीन हरावी लागतात. हजारापर्यंत थांबलात तर हरणार कधी?

किल्लेकोट
अगदी. सुरुवातीला मी इटालियन देतो. ई४, घोडा एफ३, उंट सी४. उंट एफ७ कडे बघतोय, तिथे राजाशिवाय राखण नाही, हे पोरांना आपोआप दिसतं. लंडनमध्ये पहिल्या दहा खेळ्या काहीच भिडत नाही, म्हणून डोकं झोपतं. तेवढ्यापुरतं अडीच घरांचं पटतं.

आता एक कबुली. पालक न्यायला आले की विचारतात, "आज काय शिकवलं?" "लंडन" म्हटलं की समाधान. "राजासमोर राजा कधी आणायचा ते शिकवलं" म्हटलं की चेहरा पडतो. क्लासवाले ओपनिंगच का विकतात, याचं निम्मं उत्तर फाटकापाशी उभं असतं.

अडीच घरं
फाटकापाशी मीही असतो. मीही हेच विचारलंय.

काल रात्री घोडा सी३ पटावर मांडून दाखवला. पाच मिनिटं बघत बसली. मग म्हणाली, "पण त्याने बी२ खाल्लंच नाही तर?" मला उत्तर आलं नाही.

किल्लेकोट
घोडा बी५! तिथूनही सी७ च. पण सांगू नका तिला. शोधू दे.

घणसोली लोकल
मला तर सांगा, सी५ च्या ऐवजी त्याने उंट एफ५ वर आणला तर काय करायचं? सकाळी गाडी पकडायचीय.