‘बसोमी’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरवाली: युगांडातल्या कॅथलिक मिशनचा इतिहास मराठीत आणते आहे. फ्रान्सचे ‘व्हाइट फादर्स’ हे धर्मप्रचारक १८७९ मध्ये तिथल्या बुगांडा राज्यात पोचले. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांना लोक ‘बसोमी’ म्हणत. तिथल्या लुगांडा भाषेत ‘ओकुसोमा’ म्हणजे वाचणे. मी ‘वाचक’ लिहिले, संपादकांनी ते खोडून ‘धर्मांतरित’ केले. मनाला पटत नाही.

सातारकर: संपादक बरोबर आहेत. ‘वाचक’ म्हटले की वर्तमानपत्राचा वाचकच डोळ्यांसमोर येतो.

भाषांतरवाली: पण बाप्तिस्म्याआधी चार वर्षे शिकायचे, हा व्हाइट फादर्सचे संस्थापक कार्डिनल लाव्हिजरी यांचा दंडकच होता. तोवर माणूस धर्मांतरित नसे, बसोमी मात्र असे. किझितो हा राजवाड्यातला पोरगा. त्याला बाप्तिस्मा मिळाला तो मे १८८६ मध्ये, मरणाच्या थोडेच दिवस आधी, तोही राजवाड्यातल्या सेवकांचा प्रमुख चार्ल्स ल्वांगा याच्या हातून. शिवाय तिथे मुसलमान आणि प्रॉटेस्टंट शिकणाऱ्यांनाही हाच शब्द. एका खाडाखोडीत हे सगळे पुसले जाते हो!

नेवाशाचा: माझी आजी ‘पोथी वाचतेय’ म्हणायची, तेव्हा त्यात आंघोळ, समई, उपास सगळे आले. वाचणे हीच भक्ती. आपण माणसाला नाव देतो ते तो करतो त्यावरून: वारकरी, माळकरी. मग ‘पाठकरी’ का नको?

सातारकर: नवे शब्द घडवायचा हा सोस सोडा. कोशात आहे का? सरळ ‘बसोमी’ ठेवा, पहिल्यांदा अर्थ सांगा.

नेवाशाचा: ‘माळकरी’ही कधीतरी कोणीतरी पहिल्यांदाच म्हटले असेल ना!

वसईकर: मूळ पुस्तकात त्या मिशनच्या फादर लुर्देल यांना काय म्हटलंय?

भाषांतरवाली: ‘मापेरा’. फ्रेंच ‘मों पेर’, म्हणजे ‘माझे वडील’, त्याचा अपभ्रंश. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत धर्मगुरूला ‘पाद्री’च म्हणतात.

सातारकर: पाद्री हा पायांवरून, पादचारी उपदेशक.

वसईकर: नाही हो, पोर्तुगीज ‘पाद्रे’, अर्थ वडीलच. आम्ही घरात बोलताना पाद्री म्हणतो, समोर मात्र फादर. आणि स्वाहिलीत ‘मापेरा’ म्हणजे पेरू! आपला पेरूही पोर्तुगीज ‘पेरा’वरून, म्हणजे नाशपातीवरून आलाय.

सातारकर: पेरू देशावरून आलाय. लहानपणापासून तेच ऐकलंय.

नेवाशाचा: फळ अमेरिकेतलं, म्हणून नाव देशाचं, असं होत नाही. पेरूला जांब म्हणणारे आमच्या शेजारी आहेत, त्यांचं काय?