घडण बरोबर, मग शब्द कोशात का नाही?

मुलाने शब्द नियमाने घडवला तर तो कोशात का घेत नाहीत, असा प्रश्न पडतो. २०१६मध्ये इटलीतल्या आठ वर्षांच्या मुलाने फुलाला ‘पेतालोसो’ म्हटलं. पेतालो म्हणजे पाकळी, ‘-ओसो’ म्हणजे भरपूर असलेलं. बाईंनी चूक धरली, पण गोड चूक म्हणून. आणि शब्द फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीकडे, म्हणजे इटालियन भाषेच्या संस्थेकडे, पाठवला. उत्तर आलं: घडण निर्दोष, पण पुष्कळांनी वापरला आणि पुष्कळांना कळला, तरच कोशात.

आपला ‘-आळ’ तसाच: केसाळ, रसाळ, खडकाळ. ‘पाकळ्याळ’ नियमात बसतो, फक्त ‘ळ्याळ’ला जीभ अडखळते. मुलांचं ‘करलं’ही नियमानेच येतं; पण ‘केलं’ दिवसभर कानावर पडतं, म्हणून ‘करलं’ टिकत नाही. क्वचित येणाऱ्या शब्दाला असा राखणदार नसतो, तिथे नवं रूप शिरतं.